तरंगती माशी आणि गाळलेला पाठ : हॅलफर्ड व स्क्यूज ह्यांच्या ग्रंथांचे एक वाचन

चालुक्य नृपती सोमेश्वर तिसरा ह्याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१, इ. स. ११२९) मराठीचा अभ्यासक उघडतो तो बहुधा ओवीच्या उल्लेखासाठी. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, एवढी नोंद टिपून घेतली की त्याचे काम संपते आणि ग्रंथ पुन्हा फडताळात जातो. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. मासे कोणते, ते कोठे राहतात, त्यांना आमिष कोणते लागते, काठी व दोरी कशी असावी, ह्याचे त्यात विवेचन आहे. डॉ. सुंदरलाल होरा ह्या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून त्याचा परिचय करून दिला होता. ते प्रकरण वाचताना प्रस्तुत लेखकाला जी अडचण पडली, तिच्यातून हा लेख निघाला आहे. शास्त्रग्रंथ ‘असे करावे’ म्हणतो तेव्हा तो लोक काय करीत होते हे सांगत असतो, की ग्रंथकाराला काय व्हावेसे वाटत होते हे? बाराव्या शतकातील एखाद्या डोहाची साक्ष आज काढता येत नाही. तेव्हा ज्या मत्स्यशास्त्राच्या बाबतीत ग्रंथ, ग्रंथकाराचे प्रतिपक्षी आणि नदी ही तिन्ही आपल्याला तपासता येतात, अशा एखाद्या शास्त्राकडे वळणे उपयोगाचे ठरेल, असे वाटले. इंग्लंडमधील ‘ड्राय फ्लाय’ ह्या गळपद्धतीचे वाङ्मय त्या दृष्टीने फार सोयीचे आहे. लेखकाने स्वतः हाती गळाची काठी कधी धरलेली नाही, हे येथेच सांगून टाकणे बरे. ह्या ग्रंथांकडे तो ग्रंथ म्हणूनच पाहत आहे.

प्रथम विषय थोडक्यात समजून घेतला पाहिजे. दक्षिण इंग्लंडमधील हँपशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन ह्या दोन नद्या आहेत. त्यांचा उगम खडूच्या टेकड्यांत आहे. पावसाचे पाणी खडूतून हळूहळू झिरपते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. त्यामुळे ह्या नद्यांना आपल्या नद्यांसारखा पूर सहसा येत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटतही नाहीत. पाणी स्वच्छ, थंड, संथ आणि क्षारयुक्त असते. तळाशी पाणवनस्पती दाट वाढतात, आणि त्या वनस्पतींत कीटकांची समृद्धी असते. ट्राउट मासा ह्या कीटकांवर पोसतो. त्यांपैकी मुख्य कीटकांचे जीवन पाण्यात सुरू होते. अळीसारख्या त्या अवस्थेला इंग्रजीत ‘निंफ’ म्हणतात. योग्य ऋतू आला की निंफ पृष्ठभागाकडे येतो, त्याची कात उलते, आणि आतून पंख असलेली माशी निघून क्षणभर पाण्यावर तरंगते. ती उडून काठावर जाते, तेथे पुन्हा एकदा कात टाकते, आकाशात नाचते, अंडी घालते आणि मरते. पंख फुटल्यापासून मरेपर्यंत तिला अन्न घेता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे तेथील वसंतात, हा सोहळा दुपारच्या सुमारास होतो. पुढे उन्हाळ्यात तो संध्याकाळकडे सरकतो. माशा तरंगू लागल्या की मासे वर येतात आणि पाण्यावर वलये उमटतात. (मासा आणि माशी हे दोन शब्द मराठीत इतके शेजारी असावेत, हा केवळ योगायोग, पण ह्या विषयावर लिहिणाऱ्याला तो पावलोपावली अडखळवतो खरा.)

गळाच्या आकड्यावर पिसे, रेशीम आणि लोकर बांधून खोटी माशी तयार करण्याची कला जुनी आहे. १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी प्रबंधात बारा माशांची यादी महिन्यांच्या क्रमाने दिलेली आहे. आपल्या बारामाशीची आठवण व्हावी असा तो क्रम आहे, मात्र तो बारा महिने पुरे करीत नाही. ही खोटी माशी पूर्वी पाण्यात बुडून वाहत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती कोरडी ठेवून तरंगवण्याची युक्ती रूढ होऊ लागली. ती सुकवण्यासाठी हवेत दोन-तीन वेळा झटकायची, आणि वर आलेल्या एका विशिष्ट माशाच्या किंचित पुढे, प्रवाहाच्या वरच्या बाजूस, अलगद सोडायची. दोरीची ओढ बसून माशी प्रवाहाच्या आड सरकली की मासा शंकित होतो. टेस्ट व इचेन ह्या नद्यांवर गळ टाकणाऱ्यांची वर्दळ फार. कित्येक माशांनी कित्येक खोट्या माशा पाहिलेल्या. अशा पाण्यात साध्या कौशल्याने भागेना, तेव्हा ह्या कलेला शास्त्राची गरज भासू लागली. साधनेही सुधारली होती. बारीक डोळा असलेला सुबक आकडा प्रचारात आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत एच. एस. हॉल हे एक. हेच ‘हॉल आणि नाइट’ ह्या बीजगणिताचे हॉल. आपल्यापैकी अनेकांच्या शालेय जीवनात ज्यांनी पुरेसा अंधार पसरवला, त्या गृहस्थांचे चित्त फावल्या वेळी कोठे रमत होते, हे कळल्यावर त्यांच्याविषयीचा राग थोडा निवळतो.

ह्या शास्त्राचे सूत्रकार फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड (१८४४–१९१४). हे मूळचे व्यापारी. १८७९ मध्ये विंचेस्टर येथील एका दुकानात त्यांची जॉर्ज सेल्विन मॅरियट ह्यांच्याशी गाठ पडली आणि तेथून ह्या शास्त्राचा प्रारंभ झाला. मॅरियट हे विलक्षण निरीक्षक; परंतु त्यांनी स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. दोघांनी मिळून वर्षानुवर्षे कीटक गोळा केले, माशांची पोटे फाडून आतील अन्न तपासले, आणि त्यातून ‘फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टु ड्रेस देम’ (१८८६) हा ग्रंथ सिद्ध झाला. तीन वर्षांनी ‘ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस’ आला. १८९६ मध्ये मॅरियट वारले. त्यानंतर ‘ड्राय-फ्लाय एंटमॉलजी’ (१८९७), ‘मॉडर्न डेव्हलपमेंट ऑफ द ड्राय फ्लाय’ (१९१०) आणि ‘ड्राय-फ्लाय मॅन्स हँडबुक’ (१९१३) हे ग्रंथ निघाले.

हे ग्रंथ एकामागून एक वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या दोन ग्रंथांत नदी बोलते. ‘आम्ही पाहिले’, ‘आम्हांला आढळले’ अशा घाटाची वाक्ये तेथे वारंवार येतात. निष्फळ गेलेले दिवस येतात. दोघा मित्रांपैकी एकाला न पटलेली गोष्टही येते. उत्तरोत्तर मात्र कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. माशीचे शेपूट अमुक, पाय अमुक, पंख अमुक, अशी सूची उरते. १८९७ च्या ग्रंथात शंभर नमुने निवडलेले आहेत. १९१० च्या ग्रंथात ते तेहतीस होतात. ह्या तेहतिसांत नर आणि मादी ह्यांचे नमुने वेगवेगळे, आणि रंगांत तसूभर चूक होऊ नये म्हणून रंगांचे छापील नमुने सोबत. संख्या घटत गेली म्हणून कोणी ह्याला प्रगती म्हणेल, आणि एका अर्थाने ती आहेही. सूत्रे जितकी थोडी तितका सूत्रकार मोठा, ही आपलीही श्रद्धा आहे. परंतु शंभरातून जे गेले ते कोणत्या कसोटीने गेले, हे विचारले पाहिजे.

प्रस्तुत लेखाचे सारे वजन ज्या एका उदाहरणावर आहे, ते येथे मांडतो. ‘सोनेरी तारेचा ससेकान’ असे ज्याचे नाव मराठीत करता येईल, तो ‘गोल्ड-रिब्ड हेअर्स इअर’ हा नमुना. सशाच्या कानाची भुरकट लव धाग्याला चोळून आकड्यावर गुंडाळायची, वरून सोनेरी तारेचे वेढे द्यायचे, आणि पायांचा भास व्हावा म्हणून काही केस सुईने ओढून विस्कटायचे, एवढीच त्याची रचना. दिसायला तो अगदी गबाळा. पण हॅलफर्ड ह्यांनी आपल्या पहिल्या ग्रंथात त्याला मानाचे स्थान दिले होते. खडूच्या नद्यांवर सर्वाधिक मासे मिळवून देणाऱ्या नमुन्यांत त्यांनी त्याची गणना केली होती, आणि ती अनुभवावर आधारलेली होती. १९१० च्या तेहतिसांत हा नमुना नाही. त्याने मासे लागणे बंद झाले होते, असे नव्हे. तो कोणत्या कीटकाची प्रतिकृती आहे हे सांगता येईना, हा त्याचा अपराध. प्रत्येक नमुना एका विशिष्ट कीटकाच्या विशिष्ट अवस्थेची अचूक प्रतिमा असला पाहिजे, असा सिद्धान्त एकदा स्थिर झाल्यावर ससेकानाला त्यात जागा उरली नाही.

पाठचिकित्सेचे प्राथमिक धडे घेतलेल्या विद्यार्थ्याला ही घटना ओळखीची वाटेल. संपादकासमोर दोन पाठ असतात, एक सुबोध आणि एक दुर्बोध. दुर्बोध पाठ लेखकाच्या हातून सहजासहजी नव्याने उत्पन्न होत नाही. म्हणून सामान्यतः तोच मूळचा मानावा, असा आपला संकेत आहे. जो संपादक व्याकरणात बसत नाही म्हणून कठीण पाठ गाळतो, तो पोथी स्वच्छ करतो, पण मूळ ग्रंथ गमावतो. हॅलफर्ड ह्यांनी नदीची पोथी अशी स्वच्छ केली. ससेकान हा त्यांच्यासमोरचा कठीण पाठ होता. मासा त्याच्याकडे का येतो हे समजत नव्हते; आणि समजत नाही म्हणूनच तो जपायला हवा होता. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी येथे शंका नाही. माहीत असलेली गोष्ट लपवावी असा त्यांचा हेतू मुळीच नव्हता, उलट पहिल्या ग्रंथातील नोंद त्यांनी कधी नाकारली नाही. पण सिद्धान्ताची शोभा राखण्यासाठी अनुभवाने मागे सरावे, हे त्यांना अस्वाभाविक वाटले नाही. शास्त्रकाराच्या बाबतीत लबाडीपेक्षा हे अधिक घातक आहे, असे माझे मत आहे. कारण लबाडी उघडकीस येते.

आता दुसरा ग्रंथकार. जॉर्ज एडवर्ड मॅकेंझी स्क्यूज (१८५८–१९४९) ह्यांचा जन्म न्यूफाउंडलंडमधील, शिक्षण विंचेस्टरचे, व्यवसाय लंडनमधील सॉलिसिटरचा. विंचेस्टरला लागून असलेल्या ॲबट्स बार्टन ह्या इचेनच्या भागावर १८८३ पासून १९३८ पर्यंत त्यांनी गळ टाकला. म्हणजे एका नदीचा एक तुकडा पंचावन्न वर्षे वाचला. हॅलफर्ड ह्यांचे ग्रंथ त्यांनी शिष्याच्या श्रद्धेने वाचले होते, हे त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा दिसते. एकदा दुकानातून आणलेली एक माशी, तिची पिसे मऊ असल्याने, तरंगेना. ती भिजून पृष्ठभागाखाली गेली आणि मासे लागू लागले. शास्त्राप्रमाणे ही चूक होती. त्या घटनेचा अर्थ लगेच आपल्या ध्यानी आला नाही, हे ते मोकळेपणाने सांगतात, आणि मला ही कबुली त्यांच्या पुढील सर्व युक्तिवादांपेक्षा मोलाची वाटते. ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ (१९१०) ह्या त्यांच्या पहिल्या ग्रंथाचे बीज त्या घटनेत आहे. हॅलफर्ड ह्यांचे तेहतीस नमुने आणि स्क्यूज ह्यांचे हे पुस्तक एकाच वर्षी प्रसिद्ध व्हावे, हा इतिहासाचा एक चमत्कारिक विनोद आहे.

वादाचा मुद्दा वसंतातील दुपारीच नीट दिसतो. माशा तरंगू लागण्याच्या थोडे आधी, आणि सुरुवातीच्या काळात तर विशेषच, निंफ पृष्ठभागाकडे येत असतात. मासे त्यांना पाण्याखालीच टिपतात. वरून पाहणाऱ्याला पाणी फुगल्यासारखे दिसते, किंवा वलयही उमटते. पण वर तरंगणाऱ्या माशीला कोणी शिवत नाही. हॅलफर्ड ह्यांना हे मासे माहीत होते. अशा माशांचा त्यांनी स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि त्यांच्यापुढे आपली पद्धती बरीचशी लुळी पडते हेही त्यांनी मान्य केले आहे. पण निंफाचे अनुकरण साधण्याजोगे आहे असे त्यांना वाटत नव्हते; म्हणून त्या माशांना त्यांनी अपवादाच्या कोठडीत बंद केले. स्क्यूज ह्यांनी ती कोठडी उघडली. पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न एका लांबट चमच्याने काढून ते पांढऱ्या बशीत पाण्यावर सोडीत आणि मोजीत. निंफांचे प्रमाण पाहून त्यांनी विचारले की मासा ज्यावर जगतो ते त्याला दाखवू नये, हा नियम कोणाचा? ससेकानाचेही कोडे मग सुटले. तो पुरत्या माशीची प्रतिमा नव्हताच. कात उलून अर्धवट बाहेर पडलेल्या, पाय आणि पंख विस्कटलेल्या जिवाचा तो आभास होता, असा त्यांचा अभिप्राय. हॅलफर्ड ह्यांच्या वर्गीकरणात निंफ होता आणि माशीही होती. एकातून दुसरी निघण्याचा तो क्षण नव्हता.

हॅलफर्ड ह्यांची चूक निरीक्षणाच्या अभावातून झाली, असे काही लेखक म्हणतात. हे मला पटत नाही. निरीक्षण त्यांनी अमाप केले, माशांची पोटे त्यांनीही तपासली. पण त्यांनी कीटकाला आपल्या डोळ्यांनी, वरून आणि टेबलावर पाहिले. मासा त्याला खालून, आकाशाच्या प्रकाशावर पाहतो. जे. डब्ल्यू. डन ह्यांनी ‘सनशाइन अँड द ड्राय फ्लाय’ (१९२४) ह्या पुस्तकात नेमके येथेच बोट ठेवले. सूर्यप्रकाशात खऱ्या माशीचे अंग आरपार उजळते आणि हॅलफर्ड ह्यांचा काटेकोर रंगवलेला नमुना काळा ठिक्कर दिसतो, हे ओळखून त्यांनी आकड्याची दांडी पांढरी रंगवली आणि तेल शोषणारे कृत्रिम रेशीम वापरले. (काळाच्या स्वरूपावरील ज्या पुस्तकाने डन पुढे प्रसिद्ध झाले, ते १९२७ चे.) स्क्यूज ह्यांच्या ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ (१९२१) ह्या ग्रंथाचाही आरंभ माशाची दृष्टी कशी असावी ह्या विचाराने होतो. वाचक कोण आहे हे विसरून लिहिलेला ग्रंथ, असे हॅलफर्ड ह्यांच्या माशीचे वर्णन करता येईल.

शैलीच्या दृष्टीने दोघांत जो भेद आहे, तो त्यांच्या व्यवसायांतून आला असावा. हॅलफर्ड मालाची यादी करतात. स्क्यूज वकील, त्यांचे गद्य हे साक्षीपुराव्याचे गद्य आहे. एक दिवस, एक वळण, एक मासा, त्याने काय नाकारले आणि शेवटी काय घेतले, हा त्यांच्या लेखनाचा घटक. प्रतिपक्षाचे म्हणणे ते आधी उदारपणे मांडतात, जेवढे मान्य करता येईल तेवढे मान्य करतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. ग्रंथाचे नावही ‘गौण डावपेच’ असे विनयाचे. अर्पणपत्रिकेत शुद्धतावादी मित्राची आठवण ठेवलेली आहे आणि संभाव्य शत्रूंचीही. हा विनय पुष्कळसा न्यायालयीन आहे, हे सावध वाचकाला कळते. मात्र स्क्यूज ह्यांना बंडखोर ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये की तरंगत्या माशीचे महत्त्व त्यांनी कधीच नाकारले नाही. आणि त्यांचाही एक दोष आहे. अखेरच्या ‘निंफ फिशिंग फॉर चॉक स्ट्रीम ट्राउट’ (१९३९) ह्या ग्रंथात नमुन्यांची सूची पुन्हा डोके वर काढते. कोणता निंफ कोणत्या कीटकाचा, ही काळजी पुन्हा सुरू होते. दीर्घ विवादात माणूस प्रतिपक्ष्याचेच शस्त्र उचलतो, त्यातला हा प्रकार.

हॅलफर्ड ह्यांच्या ग्रंथांचे खरे नुकसान त्यांच्या अनुयायांनी केले. १९१३ च्या पुस्तकात शुद्धतावादी आणि अतिशुद्धतावादी अशी प्रतवारी आढळते. अतिशुद्ध तो, जो वर आलेला मासा दिसल्याशिवाय गळ टाकीतच नाही. आपल्याकडे सोवळ्याच्या कडकपणात जशा पायऱ्या असतात तशाच ह्या. येथे तर कोरडी ती सोवळी आणि ओली ती ओवळी असा शब्दशः मेळ बसतो. जी गोष्ट कौशल्य म्हणून जन्मली, ती प्रथम नियम झाली आणि मग कुलीनतेची खूण झाली. ह्याला सामाजिक कारणेही आहेत. ह्या नद्या प्रसिद्ध खऱ्या, पण त्यांवर गळ टाकण्याचा हक्क खाजगी मालकीचा असे आणि मोठे भाडे देणाऱ्यांनाच तो परवडे. स्टॉकब्रिज येथील होटन क्लब १८२२ चा. त्याचे सभासद मोजके. विल्यम जेम्स लन हे १८८७ पासून १९३२ पर्यंत त्या क्लबचे नदीरक्षक होते. कीटकांनी घातलेली अंडी वाचावीत म्हणून पाण्यावर फळ्या तरंगत ठेवण्याची युक्ती त्यांची. नदीविषयी त्यांना जे ठाऊक होते ते क्वचितच कोणा सभासदाला ठाऊक असेल. पण लन ह्यांनी ग्रंथ लिहिला नाही. १९३४ मध्ये जे. डब्ल्यू. हिल्स ह्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. मॅरियट बोलले आणि हॅलफर्ड ह्यांनी लिहिले, लन ह्यांनी केले आणि हिल्स ह्यांनी लिहिले. नदीरक्षकाने स्वतः लेखणी हाती घेतल्याचे ठळक उदाहरण फ्रँक सॉयर ह्यांचे. त्यांचे ‘निंफ्स अँड द ट्राउट’ १९५८ चे आहे. त्या पुस्तकात ह्या वादाचा आवेश फारसा नाही, ह्याचे नवल वाटायला नको.

फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफाच्या प्रश्नावर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. हॅलफर्ड वारल्याला चोवीस वर्षे लोटली होती, तरी सभेत बोलत होते ते त्यांचेच ग्रंथ. त्याच वर्षी स्क्यूज ह्यांनी ॲबट्स बार्टनचे पाणी सोडले. तेथील आपल्याच सहकाऱ्यांना त्यांची पद्धती रुचत नव्हती. पंचावन्न वर्षे एक नदी पाहिलेल्या माणसाला ती कशी पाहू नये हे सांगितले जाते, तेव्हा वाद माशांचा राहिलेला नसतो.

ग्रंथाने आपली नदी सोडली की काय होते, ह्याचेही एक उदाहरण आहे. १८९० मध्ये हॅलफर्ड ह्यांनी आपले काही नमुने अमेरिकेत थिओडोर गॉर्डन ह्यांना पाठवले. कॅट्सकिल डोंगरांतील नेव्हरसिंक ही गॉर्डन ह्यांची नदी उथळ, खळाळती, दगडगोट्यांची. तिचे कीटकही निराळे. गॉर्डन ह्यांनी नमुने डोक्यावर घेतले नाहीत आणि फेकूनही दिले नाहीत. आपल्या पाण्यातील कीटक पाहून, खळाळत टिकतील अशा नव्या माशा त्यांनी बांधल्या. पुढे त्यांचा स्क्यूज ह्यांच्याशीही पत्रव्यवहार होता. टीकाकार म्हणून ह्या तिघांत मला गॉर्डन अधिक प्रगल्भ वाटतात, जरी त्यांच्या हयातीत त्यांचा एकही ग्रंथ निघाला नाही. त्यांचे विखुरलेले लेखन व पत्रे १९४७ मध्ये एकत्र झाली.

ह्या वादाच्या बाहेर उभा असलेला एक ग्रंथ राहिला. एडवर्ड ग्रे, पुढे १९०५ ते १९१६ इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री, ह्यांचे ‘फ्लाय फिशिंग’ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. इचेनच्या काठी त्यांची लहानशी झोपडीवजा कुटी होती. लंडनच्या धुळीत आठवडा काढून शनिवारी पहाटेची आगगाडी पकडणे आणि वसंतातील कुरणांत उतरणे, ह्याचे जे वर्णन त्यांनी केले आहे, तसे ललित गद्य हॅलफर्ड किंवा स्क्यूज ह्यांच्या हातून उतरणे शक्य नव्हते. पण त्या गद्यात गळ टाकणारा नेहमी एकटा असतो. इतक्या नावाजलेल्या नदीवर हा एकांत कोठून आला, हे ग्रे सांगत नाहीत. तो विकत घेतलेला असतो. ह्या एका मौनामुळे मी त्यांचे पुस्तक कमी प्रतीचे मानतो असे नाही, मात्र त्याच्या सौंदर्याची किंमत लक्षात ठेवून ते वाचतो.

स्क्यूज ह्यांच्या १९३२ च्या लेखसंग्रहात एक छोटी कथा आहे. कास्टवेल नावाचे एक गळबहाद्दर मरतात. त्यांना एका रम्य नदीकाठी नेले जाते. पहिल्याच फेकीला उत्तम मासा लागतो. दुसऱ्या फेकीला अगदी तसाच, तिसऱ्यालाही तसाच. जागा तीच, वजन तेच. ते थांबू पाहतात, पुढे सरकू पाहतात. सोबतचा रक्षक त्यांना हलू देत नाही. आपण स्वर्गात आहोत ही त्यांची समजूत कथेच्या अखेरीस दूर होते. ह्या कथेला विनोद म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. मला ती हॅलफर्ड ह्यांच्यावरील सर्वांत गंभीर टीका वाटते. तेहतीस नमुन्यांचे शास्त्र पूर्णत्वाला गेले असते, तर ज्या नदीवर पोचले असते, ती ही नदी. कथेत कोणाचेही नाव घेतलेले नाही, आणि स्क्यूज ह्यांना तसे अभिप्रेत होते असा पुरावाही मी देऊ शकत नाही.

आता पुन्हा ‘मत्स्यविनोदा’कडे. त्या प्रकरणात मासे, त्यांची वसतिस्थाने आणि त्यांची आमिषे ह्यांची मांडणी फार सुबक आहे. होरा ह्यांनी माशांची ओळख पटवण्याचे काम केले, ते मोठेच आहे. पण त्या सुबकपणातून कोणता ससेकान गाळला गेला असेल, हा प्रश्न ग्रंथाकडून सुटणारा नाही. भीमा, कृष्णा आणि तुंगभद्रा ह्यांच्या काठी गळ टाकणाऱ्या भोई व कोळी समाजांतील जाणत्या माणसांच्या तोंडून आजही आमिषांची नावे, माशांची नावे आणि त्यांच्या खाण्याच्या वेळा मिळवता येतील. सोमेश्वराच्या यादीत जे बसत नाही ते त्या नोंदींत आधी शोधावे. आपल्या विभागातील कोणी विद्यार्थी बोलीभाषांच्या क्षेत्रकार्यासाठी त्या बाजूस जाणार असेल, तर प्रश्नावलीत ह्या विषयाचे एक पान वाढवणे अवघड नाही.